तटस्थाची कैफियत

आक्षेपक : एल साल्वादोरच्या ख्रिस्तसभेचा विषय निघाला म्हणजे जगाला एकच पुरुष आठवतो, आणि तो आठवावा हे उचितच आहे. २३ मार्च १९८० च्या रविवारी ज्याने आपल्या प्रवचनातून फौजेतील साध्या शिपायांना उद्देशून, आपल्याच शेतकरी बांधवांना ठार मारण्याचा हुकूम पाळण्यास तुम्ही बांधील नाही असे उघड सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी सायंकाळी एका रुग्णालयाच्या लहानशा प्रार्थनामंदिरात मिस्सा अर्पण करीत असता जो मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडला, त्या आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या थोरवीविषयी आता वाद उरलेला नाही. २०१८ साली रोमनेही त्यांच्या संतपदावर शिक्कामोर्तब केले. तुम्ही मात्र त्यांच्या पश्चात त्याच आसनावर बसलेल्या आर्तुरो रिव्हेरा इ दामास यांचे चरित्र अधिक मननीय आहे असे म्हणता. सावधपणे बोलणारा, दोन्ही पक्षांना सारखाच उपदेश करणारा आणि अखेर आपल्या शय्येवर मरण पावलेला हा धर्माधिकारी यादवीच्या इतिहासात तळटिपेहून मोठ्या जागेस पात्र कसा ठरतो, हे मला समजून घ्यावयाचे आहे.

समर्थक : प्रथम कालगणना नीट लावू. रोमेरो आर्चबिशप झाले ते १९७७ च्या फेब्रुवारीत, आणि त्यांची हत्या झाली तेव्हा देश यादवीच्या उंबरठ्यावर उभा होता. बंडखोरांच्या निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन त्यांची संयुक्त आघाडी बनली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, त्यांचा पहिला सार्वत्रिक हल्ला झाला १९८१ च्या जानेवारीत, आणि तहनाम्यावर मेक्सिकोतील चापुल्तेपेक येथे सह्या झाल्या १६ जानेवारी १९९२ रोजी. मूठभर कॉफीवाल्या कुटुंबांच्या हाती जमीन, १९३२ साली फौजेने केलेल्या शेतकऱ्यांच्या कत्तलीची न बुजलेली आठवण, खोट्या निवडणुका, ही कारणपरंपरा तुम्हांला ठाऊकच आहे. सुमारे पंच्याहत्तर हजार माणसे ज्या बारा वर्षांत मेली त्या बारा वर्षांतील प्रत्येक रविवारी राजधानीच्या धर्मपीठावरून बोलण्याची जबाबदारी रिव्हेरांवर होती, रोमेरोंवर नव्हती. तेव्हा यादवीत बिशपाने काय करावे हा प्रश्न ज्याला खरोखर पडला आहे त्याने रोमेरोंपाशी थांबून चालणार नाही.

आणि रिव्हेरा हे काही रोमेरोंच्या विरोधी गटातून आणून बसविलेले गृहस्थ नव्हते. १९२३ चा जन्म, सालेशियन संघाची दीक्षा, १९६० पासून राजधानीचे सहायक बिशप. सतराएक वर्षे या पदावर काढलेल्या या माणसाची १९७७ साली आर्चबिशपपदी नेमणूक होईल असे सुधारणावादी धर्मगुरूंना वाटत होते. जमीनदारांना तेच भय होते. रोमने निवडले ते रोमेरोंना, कारण ते पुस्तकी, मवाळ आणि निरुपद्रवी समजले जात. पुढे त्या निरुपद्रवी माणसाने काय केले हे आपण जाणतोच. परंतु डावलल्या गेलेल्याने काय केले हेही पाहावे. देशातील बाकीचे बिशप जेव्हा रोमेरोंवर उलटले तेव्हा त्यांच्या बाजूला एकटे रिव्हेरा उभे राहिले. १९७८ च्या ऑगस्टमध्ये लोकसंघटनांविषयीचे जे पाळकीय पत्र निघाले त्यावर रोमेरोंसोबत सही होती ती रिव्हेरांची, आणि इतर बिशपांनी त्याच्या नेमके उलट असे निवेदन काढले. ३० मार्च १९८० च्या अंत्यविधीला, ज्यावेळी कॅथेड्रलसमोरील चौकात बाँब फुटले, गोळीबार झाला आणि चेंगराचेंगरीत अनेक माणसे दगावली, त्यावेळी देशातील बिशपांपैकी हजर होते तेही एकटेच.

आक्षेपक : हे सारे मी मान्य करतो, परंतु त्याने आरोप हलका न होता जड होतो. जो अजाण असतो त्याचा सावधपणा क्षम्य असतो; रिव्हेरांनी तर चौकातील ती प्रेते पाहिली होती, कोण मारतो आणि कोण मरतो याविषयी त्यांच्या मनात किंचितही संदेह असणे शक्य नव्हते. असे असता त्यांचा सूर एकदम उतरला. रोमने त्यांना आर्चबिशप न करता तीन वर्षे केवळ प्रशासक म्हणून ठेवले, म्हणजे उमेदवारीवर ठेवले, आणि उमेदवाराने वागावे तसे ते वागले. १९८१ च्या जानेवारीत बंडखोरांनी उठाव केला तेव्हा यांनी न्याय्य बंडाच्या परंपरागत अटी पुढे मांडल्या आणि त्या साऱ्या पुऱ्या होत नाहीत असा निर्वाळा दिला. जिथे शांततेच्या मार्गाने बोलणारा आर्चबिशप स्वतःच वेदीपाशी मारला जातो, तिथे शांततेचे मार्ग संपलेले नाहीत हे कोणत्या पुराव्यावर ठरविले? १९८३ च्या मार्चमध्ये पोप त्या देशात यावयाचे होते. त्यांच्या आगमनाच्या तोंडावर यांची नेमणूक कायम झाली. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहेच असे मी म्हणत नाही, परंतु तो पाहणाऱ्याला दिसल्यावाचून राहत नाही.

समर्थक : अटींचा प्रश्न आधी घेऊ, कारण तुम्ही तो केवळ पुस्तकी पांडित्य म्हणून बाजूला सारता आहात. त्या परंपरेत जुलूम घोर असला पाहिजे आणि इतर उपाय खुंटलेले असले पाहिजेत, एवढेच सांगून ती थांबत नाही; बंडाने होणारा अनर्थ जुलमाच्या अनर्थाहून मोठा नसावा आणि यशाची वाजवी आशा असावी, असेही ती मागते. १९८१ च्या जानेवारीत बंडखोरांनी ज्याला अखेरचा हल्ला म्हटले तो अखेरचा नव्हता. त्यानंतर युद्ध अकरा वर्षे चालले आणि कोणीही जिंकले नाही. ज्या गृहस्थाने त्या पहिल्या महिन्यातच यशाविषयी शंका घेतली त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी त्याची शंका खरी ठरली हे तरी नोंदवा. उमेदवारीविषयी म्हणाल, तर रोमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास नव्हता हे उघड आहे. परंतु अविश्वासाचे कारण ते फार मवाळ होते हे नसून ते रोमेरोंचे सोबती होते हे होते. प्रशासक बदलता येतो, आर्चबिशपाला सहज हलविता येत नाही. तेव्हा त्या तीन वर्षांत त्यांची जागा कोणी कठोर, फौजेला मान्य असा माणूस घेऊ शकला असता. असे बिशप त्या देशात दुर्मीळ नव्हते. पूर्वेकडील सान मिगेल धर्मप्रांताचे बिशप हे स्वतः फौजेचे धर्माधिकारी होते आणि त्यांना कर्नलचा हुद्दा होता.

आक्षेपक : म्हणजे वाईट माणूस आला असता म्हणून बऱ्या माणसाने मौन धरावे?

समर्थक : मौन त्यांनी धरलेच नव्हते, हे मी दाखवणार होतो.

आक्षेपक : थांबा. मौनाहून वाईट असे एक बोलणे असते, आणि माझा खरा आक्षेप त्यावर आहे. रोमेरोंच्या काळी धर्मपीठाच्या आश्रयाने सोकोर्रो हुरीदिको नावाची कायदेविषयक साह्य देणारी कचेरी चालत असे. नाहीशा झालेल्यांच्या आया तिथे फोटो घेऊन येत, फिर्यादी लिहून घेतल्या जात, दर आठवड्याला बळींची संख्या प्रसिद्ध होई. ती संख्या सरकारला आणि अमेरिकेच्या वकिलातीला अत्यंत बोचत होती, आणि वकिलातीची तक्रार अशी की बंडखोरांनी मारलेल्यांची नोंद या दफ्तरात होत नाही. १९८२ साली रिव्हेरांनी या कचेरीवरील धर्मपीठाचे छत्र काढून घेतले आणि तुतेला लेगाल ही नवी कचेरी उघडली, जिच्या नोंदवहीत दोन्ही बाजूंच्या अत्याचारांना जागा होती. वरून पाहता याहून न्याय्य काय असेल! परंतु दोन भावांच्या वाटणीत थोरला धाकट्याचे घर जाळीत असता जो पंच, धाकट्यानेही थोरल्याच्या आवारात दगड टाकला होता हे त्याच दमात, त्याच आवाजात सांगतो, तो खोटे बोलत नसला तरी ऐकणाऱ्याची खोटी समजूत करून देतो. रिव्हेरांच्या रविवारच्या प्रवचनांतून दोन्ही पक्षांच्या हिंसेचा जो जोडीने निषेध होत असे त्याचा परिणाम हाच झाला. आणि हे मी मागाहून सुचलेल्या शहाणपणाने बोलत नाही, आकड्यांच्या आधाराने बोलतो. तहनाम्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने जो तिघा परदेशी सदस्यांचा सत्यशोधन आयोग बसला त्याच्यापुढे बावीस हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यांतील जवळजवळ ८५ टक्के सरकारी फौज, तिचे हस्तक आणि मारेकरी टोळ्या यांच्याविरुद्ध होत्या, बंडखोरांविरुद्ध होत्या त्या सुमारे ५ टक्के. ८५ आणि ५ यांच्या मधोमध उभे राहणे याला तुम्ही निःपक्षपात म्हणता?

समर्थक : तुमचे हे प्रमाण मला तुमच्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. ८५ आणि ५ हे गुणोत्तर काढण्यासाठी पाचांचीही मोजदाद झालेली असावी लागते. ज्या वहीत एकच खाते आहे तिच्यातून एक संख्या निघेल, प्रमाण कधीच निघणार नाही. आणि त्या संख्येला प्रतिपक्ष नेहमी एकच उत्तर देईल, की तुम्ही दुसरी बाजू मोजलीच नाही. ते उत्तर देणे ज्या दिवशी अशक्य झाले त्या दिवशी फौजेच्या हातची एक मोठी ढाल गेली. रिव्हेरांनी वकिलातीच्या दडपणाखाली हे केले असे जर असते, तर नवी कचेरी वकिलातीला प्रिय झाली असती. प्रत्यक्षात तुतेला लेगालच्या आकड्यांवरही तिथून सतत हरकती घेतल्या गेल्या, कारण दोन खाती ठेवूनही एकच खाते फुगत होते. मारिया हुलिया एर्नांदेस या बाईंनी ती कचेरी दशकानुदशके चालविली, आणि आयोग आला तेव्हा त्याला हाताशी जे दफ्तर मिळाले त्यांत हे एक अत्यंत भरवशाचे होते.

एल मोसोतेचे प्रकरण घ्या. १९८१ च्या डिसेंबरात अमेरिकेने तयार केलेल्या आतलाकात्ल पलटणीने मोरासान प्रांतातील त्या खेड्यात आणि आसपासच्या वस्त्यांत शेकडो माणसे मारली. पुढच्या जानेवारीच्या अखेरीस दोन अमेरिकन वृत्तपत्रांनी हकीकत छापली, आणि एल साल्वादोर व अमेरिका या दोन्ही सरकारांनी ती नाकारली. मोरासान हा रिव्हेरांच्या महाधर्मप्रांतात मोडत नाही. तो मोडतो सान मिगेलच्या, म्हणजे ज्या बिशपांना कर्नलचा हुद्दा होता त्यांच्या अंमलात. तरीही बचावलेल्यांच्या जबान्या घेणे, मृतांची नावनिशीवार यादी करणे, १९९० साली फिर्याद कोर्टात उभी राहावी म्हणून साह्य करणे, हे काम केले ते राजधानीच्या धर्मपीठाच्या कचेरीने. १९९२ साली आर्जेन्टिनाच्या तज्ज्ञांनी चर्चच्या शेजारची एकच इमारत उकरली, तेव्हा १४३ सांगाडे निघाले. त्यांतील १३१ बारा वर्षांखालील मुलांचे होते. कत्तल झालीच नाही असे अकरा वर्षे म्हणणाऱ्या त्या दोन सरकारांसमोर या मुलांची नावे सांगणारी वही कोणी धरली?

आक्षेपक : १९८१ ची कत्तल आणि १९९० ची फिर्याद! तुम्ही ज्याला चिकाटी म्हणता तिच्यात मला आठ-नऊ वर्षांची दरी दिसते. त्या वर्षांत तीच पलटण आणखी किती खेड्यांतून फिरली याचा हिशोब कोणत्या खात्यावर घालायचा? मला दफ्तराविषयी काडीइतकाही अनादर नाही. परंतु दफ्तर हे मेलेल्यांचे असते. बिशपाचा पहिला धर्म जिवंतांशी असतो, आणि जिवंतांना वाचविण्याचे एक साधन रोमेरोंपाशी होते, ते म्हणजे मारणाऱ्याला त्याच्या नावाने हाक मारणे.

समर्थक : जिवंतांकडेच येतो. ज्या शेतकऱ्यांच्या खेड्यांवर बाँब पडत होते त्यांपैकी हजारो राजधानीकडे पळत आले, आणि त्यांना जागा मिळाली ती सान होसे दे ला मोन्तान्याच्या सेमिनरीच्या आवारात, सान रोके चर्चच्या तळघरात, धर्मपीठाच्या इतर इमारतींत. बायका आणि मुले त्या तळघरात महिनोन्‌महिने नव्हे, वर्षे राहिली. बाहेर पडणे म्हणजे बंडखोरांचे नातलग म्हणून पकडले जाणे. त्या दारावर फौज सहसा चालून गेली नाही, याचे कारण त्या दाराचा मालक दोन्ही बाजूंशी बोलणारा होता. १९८७ च्या ऑक्टोबरात होंडुरासमधील मेसा ग्रांदेच्या छावणीतून चार हजारांवर निर्वासित आपापल्या गावी परत आले, लढाई चालू असता, आपली खेडी युद्धक्षेत्र म्हणून ओसाड ठेवावीत ही फौजेची इच्छा मोडून. त्यांच्यामागेही हेच धर्मपीठ उभे होते.

आणि वाटाघाटी. १५ ऑक्टोबर १९८४ रोजी चालातेनांगो प्रांतातील ला पाल्मा या डोंगरी गावच्या चर्चमध्ये राष्ट्राध्यक्ष दुआर्ते आणि बंडखोरांचे पुढारी प्रथमच एका खोलीत बसले, मध्ये बसले रिव्हेरा. पुढच्याच महिन्यात आयागुआलो येथे दुसरी बैठक झाली. तोवर संभाषण हा शब्द राजधानीत देशद्रोहाचा समानार्थी होता. तो उच्चारणाऱ्याचे प्रेत रस्त्याकडेला सापडत असे.

आक्षेपक : आणि त्या वाटाघाटींतून काय निघाले? आयागुआलोनंतर पुढची ठरलेली बैठक होऊ शकली नाही. १९८७ साली पोपच्या वकिलाच्या निवासस्थानी पुन्हा बसले, पुन्हा उठले. शेवटी तह झाला तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या मध्यस्थाच्या हातून, आणि झाला तो शीतयुद्ध संपले म्हणून व १९८९ च्या नोव्हेंबरातील बंडखोरांच्या हल्ल्याने कोणालाच विजय शक्य नाही हे सिद्ध झाले म्हणून. बिशपांच्या आठ वर्षांच्या खेपा या हिशोबात कुठे मांडता? एकदा मात्र मध्यस्थी पूर्ण यशस्वी झाली, तीही सांगतो. १९८५ च्या सप्टेंबरात बंडखोरांनी खुद्द दुआर्तेंच्या मुलीला पळवून नेले. रिव्हेरा आणि जेझुइट पंडित इग्नासियो एयाकुरिया यांनी मध्ये पडून सहा आठवड्यांत तिची सुटका घडवून आणली, बदल्यात राजबंदी सुटले, जखमी बंडखोरांना देशाबाहेर जाऊ दिले गेले. उत्तम झाले. परंतु ज्या शेकडो शेतकऱ्यांच्या मुली नाहीशा झाल्या त्यांच्यासाठी असा करार झाला नाही, कारण त्यांच्या बदल्यात देण्यासारखे त्यांच्या बापांपाशी काही नव्हते. मध्यस्थ हा बलवानांच्या सोयीचा असतो. दोन बलवान जेव्हा देवघेव करू इच्छितात तेव्हाच त्याची किंमत असते. निर्बलांना मध्यस्थ नको असतो, त्यांना कैवारी हवा असतो.

समर्थक : हा तुमचा सर्वांत भारी मुद्दा आहे, आणि मी तो हातावेगळा करू शकेन असे मला वाटत नाही. केवळ दोन गोष्टी त्याच्या शेजारी ठेवतो. पहिली ही की मुलीच्या अपहरणाच्या एकच महिना आधी देशातील बिशपांच्या परिषदेने जे पत्र काढले होते त्यात सरकारला घटनात्मक म्हणून मान दिला होता आणि बंडखोरांचा जनतेचे प्रतिनिधी असल्याचा दावा नाकारला होता. बंडखोर त्याने अतिशय दुखावले. तरीसुद्धा प्रसंग पडताच त्यांनी रिव्हेरांनाच बोलावणे धाडले. ज्याच्याशी आपले पटत नाही परंतु जो आपला निरोप न बदलता पोहोचवील अशी खात्री आहे, असा माणूस यादवीत कोणत्याही पक्षाला तोफेहून दुर्मीळ असतो.

दुसरी गोष्ट १९८८ ची. सरकार आणि बंडखोर या दोन बलवानांचीच देवघेव चालते, हे तुमचे दुःख रिव्हेरांनाही कळले असावे. कारण त्या वर्षी त्यांनी शांततेसाठी राष्ट्रीय चर्चा भरविली ती या दोघांना वगळून. कामगारसंघ, सहकारी संस्था, विद्यापीठे, बायकांच्या समित्या, विविध ख्रिस्ती पंथ, अशा शंभराहून अधिक संस्थांना बोलावणी गेली, प्रश्नावली पाठविली गेली. साठांवर संस्था आल्या. बड्या उद्योजकांची संघटना आली नाही. युद्ध थांबावे की नाही हे ज्यांना कोणी कधी विचारले नव्हते त्यांची मते प्रथमच एका कागदावर उतरली, आणि बहुतेकांनी सांगितले की वाटाघाटींनीच थांबावे. तह संयुक्त राष्ट्रसंघाने घडविला हे खरे. परंतु त्याचा प्रतिनिधी १९९० साली आला तेव्हा वाटाघाट या कल्पनेला त्या देशात राहावयास घर मिळालेले होते. आता कोणी त्याला लहानसे श्रेय म्हणेल. मला ते लहान वाटत नाही.

आक्षेपक : आणि ज्या एयाकुरियांचे नाव आपण घेतले ते कुठे गेले?

समर्थक : १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे विद्यापीठाच्या आवारात त्याच आतलाकात्ल पलटणीने त्यांना, त्यांच्या पाच जेझुइट सोबत्यांना, स्वयंपाकीणबाईंना आणि त्यांच्या किशोरवयीन मुलीला ठार केले. तिथे रिव्हेरांचा आवाज कसा होता हेही ऐका. त्या रविवारी, शहरात लढाई चालू असता, रोमेरोंचा बळी घेणाऱ्या द्वेषानेच हे बळी घेतले असे त्यांनी धर्मपीठावरून सांगितले. म्हणजे फौजेकडे बोट दाखविले, जेव्हा सरकार आणि वकिलात हे बंडखोरांचे कृत्य म्हणून सुचवीत होती. एका साक्षीदार बाईला मायामीत नेऊन तिच्यावर जबानी फिरविण्यासाठी दडपण आणले गेले तेव्हा त्यांनी अमेरिकन अधिकाऱ्यांवर उघड आरोप केला. देशाच्या महान्यायवाद्याने तर पोपना खलिता लिहिला की काही बिशपांना त्यांच्या जिवाच्या रक्षणासाठी या देशातून हलवावे, आणि त्या पत्रातील धमकी वाचावयास भिंग लागत नव्हते. रिव्हेरा हलले नाहीत. ज्या माणसाला तुम्ही दोहोंच्या मधोमध उभा केला होता तो त्या दिवशी मधोमध नव्हता. मग प्रश्न असा की तो सदैव मधोमध होता, असे आपल्याला का वाटते?

आक्षेपक : कारण १९८९ चे बळी जगप्रसिद्ध पंडित होते, त्यांतले बहुतेक स्पेनमध्ये जन्मलेले, विद्यापीठाचे अधिकारी. त्या दिवशी सारे जग बोलत होते. माझा प्रश्न १९८२ विषयी आहे, जेव्हा मरणाऱ्यांची नावे तुमच्या वहीखेरीज कुठेही नव्हती. तेव्हा त्या एका आवाजात ८५ आणि ५ वाचले गेले.

समर्थक : त्या पाचांतही माणसे होती. बंडखोरांनी खेड्यांतले नगराध्यक्ष पकडून मारले, त्यांच्या विधवाही त्याच चर्चमध्ये बसत. त्यांच्या शोकाला टक्केवारीप्रमाणे आवाज द्यावा असे तुम्ही सुचविता काय?

आक्षेपक : आणि ८५ टक्क्यांतील आई त्याच बाकावर बसून जेव्हा दोन्ही पक्षांचा निषेध ऐकते, तेव्हा तिच्या मुलाच्या मारेकऱ्याचा अपराध आर्चबिशपांच्या तोंडून अर्धा झाला असे तिला वाटू नये, याची तजवीज कोणी करायची? वही खरी होती, हे मी तुमच्याकडून घेतो. आजपासून ती मी नाकारणार नाही. परंतु वही दफ्तरात असते, प्रवचन कानात असते. आणि त्या वहीचे पुढे काय झाले हेही तुम्ही सांगितले नाही. १९९३ च्या मार्चमध्ये आयोगाचा अहवाल निघाला आणि पाच दिवसांत सार्वत्रिक माफीचा कायदा संमत झाला. रिव्हेरा १९९४ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या आसनावर रोमने बसविले ते ओपुस देई या सनातनी कॅथलिक संघटनेचे स्पॅनिश गृहस्थ, जे त्याआधी फौजेच्या धर्मप्रांताचा कारभार पाहत होते. २०१३ साली तुतेला लेगालला धर्मपीठानेच टाळे ठोकले. माफीचा कायदा रद्द व्हावयास २०१६ उजाडावे लागले. ज्या इमारतीसाठी त्यांनी आवाज खाली ठेवला ती इमारत टिकली किती?

समर्थक : इमारत टिकली नाही. कागद पुष्कळ टिकले, एल मोसोतेचा खटला पुन्हा उभा राहिला तो अशाच कागदांच्या बळावर. आणि एक गोष्ट आपण दोघेही विसरतो आहोत : रोमेरोंच्या संतपदाच्या प्रकरणाचे पहिले कागद ज्याने तयार करविले, मारलेल्या माणसाला राजकारणी ठरवू पाहणाऱ्या बिशपांच्या नाराजीतून ते प्रकरण ज्याने पुढे रेटले, ते रिव्हेराच. ते १९८१ साली मारले गेले असते तर हे कोणी केले असते?

आक्षेपक : तर मग तुमच्या म्हणण्याचा अर्थ असा, की जिवंत राहण्यासाठी त्यांनी शब्द मोजून वापरले.

समर्थक : काही अंशी, होय.

आक्षेपक : अंत्यविधीला न आलेल्या बिशपांनीही तेच केले. त्यांनाही पाहण्यासारखे धर्मप्रांत होते, चालविण्यासारख्या शाळा होत्या, जिवंत राहण्यास उत्तम कारणे होती. त्यांच्यात आणि यांच्यात भेद कोणता?

समर्थक : वाचविलेल्या वर्षांचे त्यांनी काय केले आणि यांनी काय केले, हा.

आक्षेपक : तो भेद मागाहून कळतो. १९८२ च्या एखाद्या रविवारी, बाकावर बसलेल्या त्या आईला, पुढची बारा वर्षे न पाहता, हा सावध बोलणारा माणूस भ्याड आहे की दीर्घोद्योगी आहे, हे ओळखता आले असते?

समर्थक : नसते आले. त्यांना स्वतःलाही त्या रविवारी ते सांगता आले असते की नाही, याची मला खात्री नाही.